फुलपाखराच्या पंखांवरची भुकटी आणि आंधळेपणाची भीती

'फुलपाखराला हात लावलेलं बोट डोळ्याला लागलं, तर माणूस आंधळा होतो.' लहानपणी हे आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलंय, आणि मुलांच्या काळजीपोटीच ते सांगितलं जातं.

बोटाला लागते ती भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. एकेक खवला साधारण 0.1 मिलिमीटर लांब, आणि तो बनतो कायटिनचा. किड्यांचं बाह्य कवच ज्याचं असतं तोच पदार्थ. त्याने दृष्टी जात नाही. डोळ्यात गेलाच तर धुळीच्या कणासारखा खुपेल. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा. काही सुरवंटांचे केस मात्र खरोखर त्रासदायक असतात. ते डोळ्यात गेले तर डॉक्टरांकडेच जावं.

पडताळून पाहायचं असेल तर खिडकीशी मरून पडलेलं एखादं फुलपाखरू शोधा. मोबाइलला चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स, म्हणजे जवळची बारीक वस्तू मोठी दाखवणारं भिंग, लावा, उजेड तिरका येऊ द्या. सपाट वाटणाऱ्या रंगाच्या जागी कौलारू छपरासारख्या रांगा दिसतील, एकावर एक चढलेल्या. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा कितीतरी वेळ फोटो काढायचंच विसरले. मग पंखावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचला. रंग पट्टीवर येतो, खाली उरतो जवळजवळ पारदर्शक पडदा.

गळलेले खवले पुन्हा उगवत नाहीत. म्हणून जिवंत फुलपाखरू पकडू नये, हे मात्र खरंच. थोडे खवले गेले म्हणून ते लगेच मरत नाही. पावसाळा सरताना विटक्या, फाटक्या पंखांनी घाणेरीवर उतरणारी कितीतरी फुलपाखरं कॅमेऱ्यात सापडतात.