पुणे–सिंधुदुर्ग (चिपी) : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

पुण्याचं लोहगाव विमानतळ (कोड पीएनक्यू) आणि वेंगुर्ले तालुक्यातलं परुळे-चिपीचं विमानतळ (कोड एसडीडब्ल्यू) यांच्यामधलं सरळ हवाई अंतर साधारण २९० किमी, म्हणजे १५६ नॉटिकल मैलांच्या आसपास. रस्त्याने कोल्हापूरवरून घाट उतरून जायचं तर पावणेचारशेच्या घरात.

हवाई अंतराचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी थोडे वेगळे दिसतात, त्याचं कारण हिशोबाच्या पद्धतीत आहे. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर उत्तर २९०च्या अगदी जवळ येतं आणि जीपीएस जो लंबगोल वापरतं (डब्ल्यूजीएस-८४) तो धरला तर साधारण सव्वा किमी कमी भरतं. ही दोन्ही विमानतळं जवळपास एकाखाली एक आहेत, अक्षांशात सुमारे २.५८ अंशांचा फरक आणि रेखांशात जेमतेम ०.३९, आणि आपल्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश ११०.७ किमीचा असतो, गोलाच्या हिशोबाने मात्र तो १११.२ येतो, म्हणून गोलाचा आकडा या जोडीसाठी नेहमी जास्तच निघणार. लंबगोलाचा आकडा धरणं जास्त बरोबर. नकाशावर ही रेघ वाईच्या पश्चिमेकडून कास पठार आणि कोयना धरणाच्या बाजूने जाते आणि मग सह्याद्री ओलांडून कोकणात उतरते. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे तंतोतंत या रेघेवरून उडेलच असं नाही.

वेळेचा हिशोब नुसता अंतर भागिले वेग असा करून चालत नाही. या मार्गावर फ्लाय९१ या विमान कंपनीने एटीआर ७२-६०० हे पंख्याचं विमान वापरलं, त्याचा क्रूझ स्पीड (उंचीवर पोचल्यावर सरळ उडतानाचा वेग) ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणजे कागदावर ३५ मिनिटं. वेळापत्रकात मात्र तास-सव्वा तास धरतात, कारण तो ब्लॉक टाइम असतो, पार्किंगमधून विमान हललं की सुरू आणि तिकडे उभं राहिलं की बंद. त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं) आली, हवेत वर चढणं आणि खाली उतरणं आलं (हे सगळं क्रूझपेक्षा कमी वेगात). शिवाय दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आणि प्रवास उत्तर-दक्षिण, म्हणजे उडाल्यावर एकदा वळायचं आणि उतरण्याआधी परत एकदा, इतक्या छोट्या मार्गावर ते वळसे चांगलेच जाणवतात. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळूनच नागरी विमानांना स्लॉट (उडायच्या-उतरायच्या ठरलेल्या वेळा) मिळतात.

चिपी नक्की कधी सुरू झालं याच्या दोन तारखा सापडतात. मार्च २०१९ मध्ये एक उद्घाटन झालं होतं, पण नियमित प्रवासी सेवा ९ ऑक्टोबर २०२१च्या उद्घाटनापासूनच, मुंबईच्या फ्लाइटने सुरू झाली, त्यामुळे हीच तारीख धरणं योग्य वाटतं. पुण्याची सेवा त्यानंतरची, २०२४च्या उत्तरार्धातली, आणि तीही सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार.

पावसाळ्यात चिपीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ढग खाली येतात, धावपट्टी दिसत नाही, आणि २,५०० मीटर लांबी असूनही फ्लाइट रद्द होते किंवा दुसरीकडे वळवावी लागते. चाकरमान्यांची खरी गर्दी गणपतीला, भाद्रपदात, म्हणजे पाऊस अजून सरलेला नसतो तेव्हाच असते.