नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये न दिसणारा धोका

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या हजारो महिलांनी एका अभ्यासासाठी रक्त दिले. तेव्हा त्यांचे सरासरी वय ५५च्या आसपास होते. त्या रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल, एचएस-सीआरपी (सीआरपी या प्रथिनाची सूक्ष्म मोजणी) आणि लिपोप्रोटीन-ए या तीन गोष्टी फक्त एकदा मोजल्या आणि पुढची ३० वर्षे कोणाला हृदयविकार किंवा पक्षाघात होतो याची नोंद ठेवली. २७,९३९ जणींचा हा हिशेब बोस्टनचे डॉ. पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. एलडीएल सर्वांत जास्त असलेल्या गटाचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त निघाला, लिपोप्रोटीन-एच्या बाबतीत ३३ टक्क्यांनी आणि सीआरपीच्या बाबतीत तब्बल ७० टक्क्यांनी. तिन्ही वाढलेले असतील, तर धोका अडीच पटींहून अधिक. एकदाच काढलेले रक्त इतक्या पुढचे सांगते!

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आपल्या ओळखीचे आहे. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन शरीरात दाह असला की वाढते. १९३० मध्ये ते प्रथम सापडले न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीभोवतीही मंद दाह चालू असतो. मात्र साधा ताप किंवा हिरडीची सूज यांनीही सीआरपी चढते, म्हणून एका आकड्यावर घाबरू नये; बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. शिवाय जनुकीय अभ्यासांनुसार सीआरपी स्वतः रक्तवाहिनी बिघडवत नाही, बिघाडाची फक्त खबर देते.

लिपोप्रोटीन-एचे तसे नाही. ते स्वतःच नुकसान करते, आणि भारतीयांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते याच्याकडे, असे मला ठामपणे वाटते. ऑस्लोच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये ते शोधले. एलडीएलच्या कणाला आणखी एक प्रथिन चिकटलेले असते, तोच हा कण. त्याची पातळी बहुतांशी आईवडिलांकडून आलेल्या जनुकावर ठरते आणि लहानपणीच स्थिरावते. पथ्य आणि व्यायाम यांचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. ‘तेलकट खाल्ले म्हणून झाले’ असा दोष इथे कोणाला देता येत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे २५ टक्के भारतीयांमध्ये ते वाढलेले असते आणि प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा ते तपासून घ्यावे. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक लवकर येतो: ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांचे सरासरी वय ५३ होते, इतरांचे सुमारे ५९. याला मधुमेह, तंबाखू, पोटाचा घेर अशी बरीच कारणे आहेत. पण घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, तर ही चाचणी पुढे ढकलू नका. ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरेंच्या रक्ततपासणीत, नसते, वेगळी सांगावी लागते.

लिपोप्रोटीन-ए कमी करण्यासाठी खास मान्यताप्राप्त औषध अजून नाही. जनुकाचा संदेश यकृतातच अडवणाऱ्या इंजेक्शनांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि होत आहेत. मग तपासून उपयोग काय? उपयोग हा, की डॉक्टर एलडीएल आणखी खाली आणायचे ठरवतात, स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध लवकर सुरू करतात, रक्तदाब आणि साखर यांत ढिलाई होऊ देत नाहीत. भावंडांना आणि मुलांनाही तपासता येते.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. छातीत दुखते आहे, घाम फुटला आहे, अशा वेळी यांतली कोणतीही चाचणी कामाची नाही. तेव्हा ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्तचाचणी लागते, तेही रुग्णालयात, ताबडतोब.

अहवाल हाती आला की आधी एकक पाहा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ५० आणि नॅनोमोल प्रति लिटर असेल तर १२५ ही लिपोप्रोटीन-एची धोक्याची पातळी मानतात. एका एककातला आकडा दुसऱ्याच्या मोजपट्टीवर वाचला, तर अर्थ पार बदलतो.