शीट पाठवताय? आधी सिलेक्ट नीट करा

(जीएसटीचं काम आमच्याकडे असलेल्या दुकानदार मंडळींसाठी)

दर महिन्याला तुमच्याकडून एक्सेल शीट येतात आणि बऱ्याच वेळा नाव एका पार्टीचं आणि पुढचा १५ अक्षरी जीएसटी नंबर भलत्याच पार्टीचा असं निघतं. एन्ट्री बरोबरच केलेली असते हो, गडबड सॉर्टमधे (क्रम लावताना) होते. नुसता नावांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट दाबलं की नावं वरखाली होतात पण बाजूचे नंबर आणि रकमा जागच्या जागी राहतात. एक्सेल तेव्हा विचारतं, एक्सपांड द सिलेक्शन की आहे तेवढंच, पण घाईत वाचतंय कोण. तिथे एक्सपांडच ठेवा. त्याहून सोपं म्हणजे कॉलम सिलेक्टच करू नका, ज्यावरून सॉर्ट करायचं त्या कॉलममधल्या एका भरलेल्या सेलवर क्लिक करून सॉर्ट द्या, अख्खं टेबल एक्सेल आपणहून धरतं. फक्त मधे पूर्ण रिकामी ओळ नको, नाहीतर त्याला वाटतं टेबल तिथेच संपलं.

आता माऊस. सेलवर नेलात की जाड पांढरी अधिकची खूण दिसते, सिलेक्ट करायचं ते तिनेच. खाली उजव्या कोपऱ्यातल्या बारक्या ठिपक्यावर गेलात की तीच खूण बारीक काळी होते आणि मग ओढलं तर सिलेक्ट होत नाही, वरचाच आकडा खालपर्यंत भरत जातो आणि तिथलं आधीचं जातं. सेलच्या कडेवर चार बाण दिसले तर सेल उचलून दुसरीकडे जाणार. असं काही झालं तर लगेच कंट्रोल झेड, पुढचं काम नंतर.

बिलं जास्त असली तर माऊस ओढत बसू नका. पहिल्या सेलवर क्लिक, खाली स्क्रोल, मग शिफ्ट दाबून शेवटच्या सेलवर क्लिक, झालं. कंट्रोल शिफ्ट आणि खालचा बाण हे पण भारी आहे पण मधे एखादा सेल रिकामा असला की त्याच्या आधीच थांबतं, आणि खाली काहीच नसेल तर थेट १०,४८,५७६ व्या ओळीला जाऊन आदळतं, तेव्हा घाबरू नका, कंट्रोल बॅकस्पेस दाबा, परत वर याल. लांबचे वेगवेगळे सेल हवे असतील तर कंट्रोल धरून क्लिक करत जा.

आमच्या मते सगळ्यात कामाची जागा म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं. रकमांचा कॉलम सिलेक्ट करा, तिथे सम (बेरीज) दिसायला हवा. नुसता काउंटच (किती सेल ते) दिसला तर ते आकडे नाहीत, टेक्स्ट आहेत (बहुतेक वेळा सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण पण असतो), बेरीज होणारच नाही, आम्हाला सगळं परत करावं लागतं. सिलेक्ट करून त्या पिवळ्या खुणेवर कन्व्हर्ट टू नंबर द्या. हे फक्त रकमांना हां, बिल नंबरला नको, ००१ चं १ होऊन बसतं.

काही ओळी हाइड करून बाकीच्या कॉपी करून पाठवता ना, त्यात हाइड केलेल्या पण येतात. फिल्टर लावला असेल तर नाही येत, हाताने हाइड केल्या तर येतात. म्हणून सिलेक्ट केल्यावर आल्ट आणि अर्धविरामाची की दाबा, म्हणजे दिसताय तेवढ्याच धरल्या जातात, मग कॉपी.

आणि क्लिक कुठेही केलं तरी सिलेक्शन वाढतच चाललंय, असा फोन येतो नेहमी. चुकून एफ ८ दाबलं गेलेलं असतं, एस्केप दाबा.

मोबाईलवर सॉर्ट वगैरे करूच नका, बोट हलकंसं सरकलं तरी सिलेक्ट केलेला भाग बदलतो. शीट तशीच पाठवा, आम्ही लावून घेऊ, फक्त ११ तारखेच्या जीएसटीआर १ (विक्रीचं रिटर्न) साठी ५ तारखेपर्यंत आली पाहिजे.