लाल झारी, पिवळी झारी: ऑइलची पातळी आणि ऑइलचा दाब

गाडीच्या मीटरवर चोचीच्या झारीचे चित्र असलेला दिवा लागला की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघते: "ऑइल कमी झालंय, थोडं टाकून घेऊ." झारी पिवळी असेल, तर हे वाक्य बहुधा खरे असते. ती लाल असेल, तर मात्र याच समजुतीपायी धडधाकट इंजिने कायमची निकामी होतात, कारण लाल दिवा ऑइल किती आहे हे मोजतच नाही. ते दाबाने फिरते आहे की नाही, एवढेच तो सांगतो.

पातळी म्हणजे इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठलेल्या ऑइलची उंची. पिवळा दिवा असलेल्या गाड्यांत चेंबरमध्ये पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो आणि चित्रातल्या झारीखाली बहुधा लाटेसारखी रेघ काढलेली असते. आपल्याकडच्या अनेक साध्या गाड्यांना हा सेन्सर दिलेलाच नसतो, त्यामुळे तेथे पातळी कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे डिपस्टिक, ऑइलमध्ये बुडणारी खुणांची पट्टी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, पट्टी एकदा कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. बहुतेक मोटारींत खालच्या व वरच्या खुणेमध्ये सुमारे १ लिटरचे अंतर असते.

दाबाची गोष्ट वेगळी आहे. चेंबरच्या तळाजवळ जाळी असते. पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो आणि फिल्टरमार्गे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असते आणि दाबाखालच्या ऑइलचा पातळ थर तेथे धातूला धातूपासून दूर ठेवतो. लाल दिव्याचा स्विच इंजिनाच्या ब्लॉकवर किंवा फिल्टरजवळ बसवलेला असतो. चावी फिरवल्यावर तो दिवा लावतो आणि इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर गेला की विझवतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा नसून, तो अगदी तळाशी गेलेला नाही, इतकाच आहे.

आता या दोहोंचा परस्परसंबंध पाहू, कारण गोंधळ नेमका येथेच होतो. जाळी ऑइलमध्ये बुडालेली आहे तोवर चेंबरमध्ये ४ लिटर ऑइल असो वा ३.५ लिटर, दाबात फरक पडत नाही. त्यामुळे पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये असताना लाल दिवा लागत असेल, तर आणखी ऑइल ओतून काहीही साधत नाही. उलट वरच्या खुणेच्या फार वर भरले, तर फिरत्या क्रँकने ऑइल घुसळले जाऊन फेस होतो आणि फेसाने दाब आणखी घटतो. याउलट पातळीमुळेच लाल दिवा लागला असेल, तर ऑइल खालच्या खुणेच्याही बरेच खाली गेलेले असते. अशा वेळी दिवा आधी वळणावर, ब्रेक मारताना किंवा घाटाच्या चढावर क्षणभर लुकलुकतो, कारण ऑइल एका बाजूला सरकते आणि जाळी उघडी पडते.

माझ्या जुन्या डिझेल गाडीचा लाल दिवा लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला थांबले की लुकलुकू लागे आणि किंचित रेस दिली की विझे. एका गॅरेजमध्ये तीन वेळा अर्धा-अर्धा लिटर ऑइल टाकले गेले, एकदा स्विचही बदलला, तरी दिवा परत आलाच. अखेरीस दुसऱ्या मेकॅनिकने स्विच काढून त्याच जागी दाबाचा काटा जोडला आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रीडिंग घेतले: आयडलला (रेस न देता) जेमतेम ०.४ बार, २,००० आरपीएमला १.३ बार. चांगल्या गरम इंजिनात आयडलला १ बारच्या आसपास किंवा अधिक आणि २,००० ला २ बारच्या वर दाब सहसा मिळतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. चेंबर खोलल्यावर जाळीवर काळा, डांबरासारखा गाळ बसलेला दिसला, नखाने खरवडावा इतका घट्ट. ऑइल बदलायला केलेला उशीर आणि रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या यांचा तो साठा होता. काटा पहिल्याच दिवशी लावला असता, तर ते तीन महिने बेअरिंग झिजली नसती, याची मला आजही हळहळ वाटते.

जाळी स्वच्छ निघाली, तर संशय झिजलेल्या बेअरिंगवर, पंपावर, त्याच्या उघड्या अडकलेल्या रिलीफ व्हॉल्व्हवर (जास्तीचा दाब सोडणारी झडप) किंवा पातळ झालेल्या ऑइलवर जातो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाड्यांत अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे (साठलेली काजळी जाळण्याच्या क्रियेमुळे) डिझेल ऑइलमध्ये उतरते. तेथे पट्टीवरची पातळी चढते आणि दाब मात्र उतरतो.

स्विच खोटे बोलत असण्याची शक्यताही खरी आहे. त्याच्या कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलेले दिसले, तर स्विच बदलावाच. साध्या एकतारी स्विचच्या गाडीत तार काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर तार कोठेतरी घासून बॉडीला टेकते आहे. परंतु हा निष्कर्ष काट्याने दाब ठीक दाखवल्यानंतरच काढावा, आधी नव्हे.

पिवळा दिवा लागला, तर योग्य ग्रेडचे ऑइल भरून पुढे जाता येते. मात्र तो वरचेवर लागत असेल, तर टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) गॅस्केट, ड्रेन प्लगचा वॉशर आणि सायलेन्सरचा निळसर धूर पाहावा. चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे आणि पट्टी पाहावी. पातळी ठीक असेल, तर गाडी टो करूनच न्यावी, गॅरेज दोन किलोमीटरवर असले तरीही. दुरुस्तीनंतर गरम इंजिनावर पुन्हा काटा लावून दोन्ही रीडिंग बिलावर लिहून घ्यावीत.