लाल पट्ट्यांतला काळ : पाचनई ते खिरेश्वर

हरिश्चंद्रगडावर बहुतेक जण पाचनईकडून किंवा खिरेश्वरकडून चढतात आणि आल्या वाटेनेच परततात. पावसाळा सरल्यावर पत्नीने आणि मी पाचनईकडून चढून, कोकणकडा पाहून, टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचे ठरवले, कारण डोंगर असा आडवा ओलांडला म्हणजे त्याची घडण एका दिवसात सलग पाहता येते. सह्याद्रीत लाव्हाचा प्रत्येक नवा थर आधीच्या थरावर पसरला आणि पुढेही हे थर फारसे कलंडले नाहीत. त्यामुळे येथे चढताना माणूस जुन्या खडकाकडून नव्या खडकाकडे जातो आणि उतरताना नव्याकडून जुन्याकडे येतो.

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा धुमसता डोंगर नजरेसमोर येतो, पण सह्याद्री तसा घडलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि मैलोन् मैल पसरत गेला. आज उरलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापतो, आणि मुळात त्याचा विस्तार याहून मोठा होता. भारत तेव्हा दक्षिणेला होता हे याच खडकाने सांगितले. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची नोंदली जाते. ही नोंद वाचून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ साली भारताच्या उत्तरेकडील प्रवासाचा पुरावा मांडला. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

पाचनईची वाट ओढ्याच्या सोबतीने चढते आणि एका टप्प्यावर कातळाच्या पोटाखालून आडवी जाते. वरचा घट्ट थर छपरासारखा पुढे आलेला असतो आणि त्याखालचा ठिसूळ थर झिजून आत गेलेला असतो. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्यांचा आकार याच कारणाने आला आहे. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थिजल्यामुळे घट्ट असतो आणि उभा तुटतो, तर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला माथा लवकर कुजून उताराची जागा तयार करतो.

आम्ही पहाटेच निघालो असल्याने कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा ऊन अजून पाठीमागून येत होते आणि खाली दरीत धुके भरलेले होते. हा कडा आतल्या बाजूला वळलेला, पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला प्रचंड कातळ आहे. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी आज सेशेल्स बेटांखाली असलेला भूभाग भारतापासून तुटला, नवा किनारा तयार झाला आणि कोकणातल्या आखूड, तीव्र उताराच्या नद्यांनी पठाराची कड पूर्वेकडे कुरतडत आणली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपण ज्या काठावर उभे राहतो तो डोंगर एकेकाळी पश्चिमेला बराच पुढे गेलेला होता. कड्यावरून खाली गेलेले पाणी अरबी समुद्र गाठते. गडावरच उगम पावणारी मंगळगंगा मात्र मुळेला मिळते, मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला, त्यामुळे तिचे पाणी सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते.

कड्याच्या कडेला पालथे पडून खाली पाहताना समोरच्या धुक्यावर आमच्या दोघांच्या सावल्या उमटल्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ दिसू लागले. मी पत्नीला ते दाखवले, तर ती म्हणाली, "तुझ्या डोक्याभोवती काहीच नाही, कडे माझ्या डोक्याभोवती आहे." दोघांचेही म्हणणे खरे होते. धुक्यातील अतिसूक्ष्म थेंब सूर्यप्रकाश जवळजवळ आल्या दिशेनेच परत पाठवतात, आणि परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळताना रंग वेगळे होऊन सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती कडे तयार होते. तो बिंदू प्रत्येकाच्या स्वतःच्या डोळ्याशी बांधलेला असल्याने खांद्याला खांदा लावलेल्या दोन माणसांनाही दोन वेगळी कडी दिसतात. गिर्यारोहक याला इंद्रवज्र म्हणतात, आणि या परिसरातील अशा वर्तुळांचे वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३५ सालीच करून ठेवले आहे. ऊन चढले, धुके विरले आणि कड्याला धडकून उसळणारा वारा तेवढा राहिला. हलकी काडी खाली टाकली तर तो ती परत वर आणून देतो.

हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि केदारेश्वराची लेणी येथल्याच काळ्या पाषाणातली आहेत. केदारेश्वराच्या लेण्यात लिंगाभोवती कमरेइतके गार पाणी असते, हे गडावर आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या खडकात, पाणी दगडाच्या अंगात फारसे मुरत नाही, ते भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून फिरते. उंच डोंगरांवर उन्हाळ्यातही टिकणारी टाकी आणि झरे अशा सांध्यांच्या आसपास पुष्कळदा आढळतात. किल्ले बांधणाऱ्यांना ही जाण चांगली असावी असे मला वाटते.

मंदिराकडून टोलार खिंडीकडे उतरू लागलो आणि आम्ही ज्यासाठी आलो होतो ते दिसू लागले. पत्नीने भिंग काढले आणि वाटेकडेच्या कातळाला डोळा लावला. काळपट दगडात मटारच्या दाण्याएवढ्या पोकळ्या होत्या, काही रिकाम्या, तर काहींत पांढऱ्या खनिजाचे पंख्यासारखे पसरलेले स्फटिक. लाव्हातला वायू निसटताना या पोकळ्या राहिल्या, आणि नंतर खडकात झिरपलेल्या पाण्याने त्यांत झिओलाइट गटातील खनिजे भरली. ती पाहण्यासाठी खडक फोडावा लागत नाही, उघड्या कातळावर हवी तितकी दिसतात. लाव्हाचे थर जाड कसे झाले याचाही पुरावा येथे आहे. पसरणाऱ्या लाव्हावर दुधावर साय धरावी तसे कवच धरते, आत येत राहणारा वितळलेला लाव्हा ते कवच हळूहळू वर उचलतो, आणि हाताएवढ्या जाडीने सुरू झालेला थर अखेरीस घराहून उंच होतो.

दोन थरांच्या मध्ये आम्हाला पहिला लाल पट्टा सापडला. तो जेमतेम वीतभर जाड, विटेच्या रंगाचा आणि नखाने उकरता येईल इतका मऊ होता. त्याची खालची कड पुसट होती : लाल मातीत कुजलेल्या दगडाचे गोळे दिसत होते आणि खाली जाता जाता ते अखंड कातळात मिसळत होते. वरची कड मात्र सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती. खालचा लाव्हा थिजला, उन्हापावसात कुजला, त्यातील लोह गंजून माती तांबूस झाली, आणि मग एके दिवशी नवा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला, एवढा सगळा इतिहास त्या दोन कडांत वाचता येतो. भूशास्त्रज्ञ या पट्ट्यांना बोल म्हणतात.

एक जाड थर पसरून थिजायला काही वर्षे, फार तर काही शतके पुरतात. खडकाची माती व्हायला हजारो वर्षे लागतात. म्हणून डोंगराची जवळजवळ सारी उंची काळ्या कातळाची असली तरी डोंगराच्या घडणीतला बराचसा काळ या तांबड्या रेघांमध्ये साठलेला आहे. ट्रेकला येणारे कड्यांचे फोटो काढतात आणि या रेघांवरून पाय टाकून पुढे जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

दख्खनच्या उद्रेकांचे, म्हणजे ज्यांतून हे सारे थर घडले त्या उद्रेकांचे, वय ठरवण्यासाठीही या रेघाच उपयोगी पडल्या. काळ अचूक मोजायला झिरकॉन हे खनिज उत्तम, कारण त्यात अडकलेल्या युरेनियमचे शिसे ठरलेल्या गतीने होत राहते. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा तयार होत नाही. परंतु उद्रेकांच्या मधल्या शांत काळात वेगळ्या प्रकारच्या, स्फोटक ज्वालामुखींची राख उडून येऊन या मातीवर पडली होती आणि तिच्यात झिरकॉनचे कण होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण मोजून २०१५ साली दाखवले की, मुख्य उद्रेक डायनासोरांच्या विनाशापूर्वी सुमारे अडीच लाख वर्षे सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालला. २०१९ साली याच गटाने उद्रेकाचे चार मोठे झटके मानले, तर बर्कले विद्यापीठाच्या गटाने बेसाल्टमधल्याच स्फटिकांतील आर्गॉन वायूवरून वय मोजून उद्रेक जवळपास सलग चालू होता असा निष्कर्ष काढला. विनाशात उल्कापाताचा वाटा किती आणि दख्खनचा किती, हा प्रश्न या तपशिलावर अडला आहे, आणि आणखी लाल पट्टे बारकाईने तपासल्याखेरीज तो सुटेल असे मला वाटत नाही.

टोलार खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी थोडे थांबून आम्ही खिरेश्वरला उतरलो, तेव्हा पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यावर ऊन कलले होते. लाव्हाचे थर तेथून खाली आणखी बरेच खोल जातात. ते कोठे संपतात हे पाहायचे तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, पठाराच्या पातळ होत गेलेल्या भागात जावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधणविवर घेतले गेले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याखाली दख्खनपूर्व काळातला सुमारे ८ मीटरचा गाळाचा थर लागला. गाळाखाली जो ग्रॅनाइटी खडक होता तो २०० कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे त्या खडकाच्या आणि पहिल्या लाव्हाच्या मधल्या साऱ्या काळातून तेथे उरला आहे तो एवढा ८ मीटर गाळ.