अस्थिसंधिशोथातील वेदनांचा उद्रेक

अस्थिसंधिशोथात, म्हणजे बोलीभाषेतील झिजेच्या संधिवातात, सांध्याचे नेहमीचे दुखणे एकाएकी वाढून काही दिवस तसेच टिकते व पुढे बहुधा ओसरते. या अवस्थेस उद्रेक म्हणतात. दुखण्यासोबत सूज, ताठरपणा व झोपमोड आढळते. येथील विवेचन मुख्यत्वे गुडघ्यासंबंधी आहे.

उद्रेक कशामुळे होतो याविषयी एकमत नाही. कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाची, झीज हेच दुखण्याचे मूळ, हे जुने मत अपुरे ठरले आहे. कारण कूर्चेत मज्जातंतू नसतात, आणि क्ष-किरण चित्रात दिसणारी झीज व रुग्णाच्या वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. केल्ग्रेन व लॉरेन्स या संशोधकांनी १९५७ मध्ये मांडलेली, झिजेची तीव्रता ठरवणारी श्रेणीही चित्रातील बदलांची आहे, वेदनेची नव्हे. सांध्याच्या आतील अस्तराचा दाह आणि कूर्चेखालील हाडातील बदल यांना अलीकडे अधिक महत्त्व दिले जाते. सवयीबाहेरचा भार पडल्यावर हा दाह भडकतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ढगाळ व थंड हवेत दुखणे वाढते असे रुग्ण आवर्जून सांगतात. त्याबाबतचे अभ्यास मात्र परस्परविरोधी आहेत.

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत संधिगत वाताच्या वर्णनात सूज व सांधा हलवताना होणारी वेदना येते. ते अस्थिसंधिशोथाशी बरेच जुळत असले, तरी दोन्ही एकच होत असे ठामपणे म्हणता येत नाही. चरकसंहितेचा काळही निश्चित नाही.

खानदेशात भार वाढण्याचे प्रसंग शेतीच्या हंगामाशी निगडित आहेत. उकिडवे बसून केलेली निंदणी, कापूस वेचताना दिवसभर वाकणे, रावेर-यावल भागात केळीचे घड वाहणे आणि सातपुड्यातील चढउतार यांचा गुडघ्यावर ताण पडतो. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी आधीच्या काही आठवड्यांत चालणे टप्प्याटप्प्याने वाढवावे, हा सल्ला विशेष मोलाचा आहे.

उद्रेकात पूर्ण अंथरूण धरणे हितावह नसते, कारण मांडीचा स्नायू लवकर अशक्त होतो. एक-दोन दिवस भार कमी करावा, सांधा हळूहळू हलवत राहावा, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सूज असल्यास थंड शेक, ताठरपणा असल्यास गरम शेक बहुतेकांना मानवतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे मलम गोळ्यांपेक्षा सुरक्षित असते. तोंडी वेदनाशामके जठर, मूत्रपिंड व हृदय यांना अपाय करू शकतात. जळगाव-भुसावळकडील कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा धोका वाढतो, म्हणून उन्हात राबणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाजारात जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइडची, म्हणजे दाह झपाट्याने दाबणाऱ्या औषधाची, भेसळ आढळलेली आहे. तात्काळ मिळणारा आराम हीच तेथे शंकेची जागा होय. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा गुण काही आठवडेच टिकतो.

पुढील उद्रेक टाळण्यास मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम व वजन घटवणे यांचा आधार सर्वांत भक्कम आहे. स्थूल व्यक्तींच्या एका अभ्यासात एक किलो वजन घटल्यास चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे आढळले.

ताप येणे, सांधा लाल व गरम होऊन अचानक सुजणे किंवा पायावर भार मुळीच न पेलणे ही लक्षणे साध्या उद्रेकाची नसतात. सांध्यातील जंतुसंसर्ग, युरिक आम्लाचा संधिवात वा अस्थिभंग यांची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.