एकट्यानं रोम, चार दिवस : बुकिंगला येण्याआधी हे वाचा

आमच्याकडे हल्ली एकट्यानं जाणारे बरेच येतात, आयटीतली पोरंपोरी असतात, नुकत्याच रिटायर झालेल्या मावशी पण असतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, सुट्टी चार-पाच दिवसांची आहे तर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि जमलं तर पॅरिस पण होईल ना? होईल की, पण सगळा वेळ स्टेशनवर बॅग ओढण्यात जाईल. चार दिवस असतील तर एक शहर, एक हॉटेल आणि आधीपासून बुक केलेल्या फक्त दोन गोष्टी, बाकीचं तिथं गेल्यावर, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार दिवसांत चार शहरं विकणारी ऑफिसं पुण्यात भरपूर आहेत, ते काम आम्ही घेत नाही.

आधी व्हिसा

शेंगेनचा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज जायच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही, त्यामुळे निदान अडीच-तीन महिने हातात ठेवून या. मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, युरोपातून निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा.

एकट्याच्या फाइलमध्ये दोन गोष्टी नीट लागतात, खर्च कोण करतंय आणि परत कशासाठी येणार. नोकरी असेल तर ऑफिसचं रजेचं पत्र, धंदा असेल तर शॉप ॲक्ट आणि जीएसटीचे कागद, पेन्शन असेल तर त्याच्या नोंदी, आणि बँक स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारून. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुलाकडून दोन लाख खात्यात भरून घेऊ नका, ते लगेच दिसतं, त्यापेक्षा मुलगा खर्च करतोय असं सरळ स्पॉन्सरशिपचं पत्र जोडा. विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग खरं पण कॅन्सल होणारं ठेवायचं, खोटी तिकिटं आम्ही बनवून देत नाही, कृपया आग्रह करू नये.

ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या बॉर्डरवर नवीन पद्धत सुरू झालीये, पहिल्यांदा जाताना फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, म्हणजे रांगेत वेळ धरून चाला. आणि पुण्याहून थेट विमान नाही, मुंबई गाठावी लागते, शनिवार-रविवार असेल किंवा पाऊस असेल तर खंडाळ्याच्या घाटात काय होतं ते तुम्हाला माहितीये, कॅबवाल्याला दोन तास आधीची वेळ द्या.

आता रोम

बुक करायच्या त्या दोन गोष्टी म्हणजे कोलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच टाका, आणि विक्री साधारण ३० दिवस आधी सुरू होते त्यामुळे व्हिसा यायच्या आधीच ते घ्यायचं का हा पेच पडतो. आमचा सल्ला, घ्या, चांगल्या वेळा पटापट जातात आणि बाहेर उभे असलेले लोक तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावानं देतात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, पण तो फुकट असल्यामुळे त्या दिवशी तोबा गर्दी. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा व्हॅटिकनचं मोठं चर्च, सेंट पीटर्स, दुपारनंतरच बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी बॅगेत ठेवली की काम होतं.

बाकी रोम फुकटच आहे म्हणा. नावोना चौकाजवळ सान लुइजी देई फ्रांचेझी म्हणून चर्च आहे, आत डाव्या हाताच्या शेवटच्या कोपऱ्यात काराव्हाज्जो या जुन्या चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत, अंधारात नीट दिसत नाहीत, शेजारच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं बंद होतो, मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आता कोण टाकणार. सुट्टी नाणी जवळ ठेवा. बरीच चर्चेस दुपारी बंद होतात ती तीन-चारला उघडतात, पुणेकरांना हे वेगळं समजवायला नको.

पाण्याची बाटली एकदाच विकत घ्या. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, त्यांना नाझोनी म्हणतात, पाणी चोवीस तास वाहतं आणि पिण्याचंच असतं. खालच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, तसं प्यायचं.

खाण्याचं. व्हेज लोकांनी नीट वाचा. कार्बोनारा आणि आमात्रिचाना या पास्त्यांमध्ये डुकराचं मांस असतं. सुप्ली नावाचे भाताचे वडे दिसतात साधे पण आत बहुतेक वेळा मांस असतं, आणि भोपळ्याच्या फुलांची भजी बघून हरखू नका, त्यात मासा भरतात. बिनधास्त खा असं म्हणजे पिझ्झा मारिनारा, आराब्याता पास्ता, आल्यो ए ओल्यो (लसूण-तेलाचा पास्ता). पेकोरिनो चीज करताना दूध गोठवायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहारी असाल तर त्याच चीजचा काचो ए पेपे पास्ता पण नको. भात-वरणाची फारच आठवण आली तर तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो भागात भारतीय किराणा आणि हॉटेलं आहेत. कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलावर बसलात की भाव वाढतो.

एअरपोर्टवरून तेर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत येते, तिकीट १४ युरो. हॉटेल मेट्रोपासून चालत जाता येईल असं घ्या, आम्ही मोंती किंवा प्राती हे भाग सुचवतो, तेर्मिनीच्या अगदी लगतचं स्वस्त पडतं पण रात्री उशिरा एकटं परतायला तिथं नको वाटतं, निदान आम्हाला तरी. हॉटेलात रात्रीमागे सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, आमच्या पॅकेजमध्ये तो धरलेला नाही, नंतर फोन करून भांडू नका. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, बसलात तर दंड.

खिसेकापू आहेत, विशेष करून मेट्रोची ए लाइन, ६४ नंबरची बस आणि स्टेशनवरचं तिकीट मशीन, तिथं मदतीला येणाऱ्याला नको म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. एटीएमवर रुपयांत की युरोत विचारलं तर युरोच दाबा. इकडचं सिम बंद करू नका, कार्डचा ओटीपी त्याच्यावरच येतो. पासपोर्ट गेला तर आधी पोलीस तक्रार, मग व्हिया व्हेंती सेत्तेंब्रेवर आपली एम्बसी आहे. इमर्जन्सीला ११२.

ऑफिसला येताना पासपोर्ट (जुने असतील तर तेही), बँक स्टेटमेंट आणि जायच्या तारखांचे दोन पर्याय घेऊन या, एकच तारीख धरून बसलात तर भाडं जे असेल ते द्यावं लागेल.